नकाशाची काठी

अलंग, ९ सप्टेंबर १९८५

कार्ड टाकू नको, पाकीट टाक, असं तू लिहिलंस. टाकलं पाकीट. कार्डाला पंधरा पैसे लागतात, पाकिटाला पन्नास. मधले पस्तीस पैसे कुसाबाईंनी वाचू नये म्हणून. घरमालकीण तुझी आणि भुर्दंड मला. बारा वर्षं त्या खोलीत राहतेस आक्का, अजून तिला भितेस. पाकिटात आहे म्हणून लिहितो, जयभीम.

अकरा वर्षांत पत्र नाही आणि आलं ते कामाचं. बरा आहेस ना, एवढी एक ओळ, खाली यादी. जहाजावरचं जुनंपानं काही असेल तर पाठव, सातवीच्या पोरांना इतिहासाच्या तासाला दाखवायचंय. पत्ता तुला मनमाडच्या कोंडाजीनं दिला असणार. आजीला माझी पत्रं तोच वाचून दाखवतो, त्याच्या पोटात काही राहत नाही.

पोरं तासाला झोपतात म्हणतेस. झोपणारच. मी पण झोपायचो, तुझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर. तू फळ्यावर सनावळ्या लिहायचीस, आम्ही उतरवायचो. हा अमक्या साली जन्मला, तमक्या साली मेला. मधलं कायच नाही. मला वाटायचं ही माणसं मधे जेवतच नव्हती.

मी इथे जहाजं तोडतो. मोठ्या भरतीला जहाज जोरात आणून चिखलात चढवतात आणि मग आम्ही ते गॅसनं कापतो. पितळ, लाकूड, घड्याळं, खुर्च्या, सगळं मालकाचं. ते बाहेर रस्त्यावरच्या दुकानांत जातं. फाटकावर वॉचमन आमचे खिसे चाचपतो. कागदाला मात्र कोणी विचारत नाही. कागद चुलीला.

तेव्हा पाठवायचे तर कागदच पाठवता येतील. पाठवीन की नाही ते आज सांगत नाही.

झुंबर

अलंग, ३० सप्टेंबर १९८५

आक्का, जयभीम.

तीन कागद पाठवलेत. दुमडताना एकाचा कोपरा गेला. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना हल्ली काही लागत नाही, गरम काय आणि गार काय. म्हणून नीट घडी पडत नाही.

पहिला कागद जहाजाच्या स्वयंपाकघरातला. भिंतीला डकवलेला होता. कसली भाषा ते कोणाला कळत नाही, पण वरून सात ओळी आहेत, म्हणजे आठवडा असणार. पाचव्या ओळीशी कोणीतरी पेन्सिलीनं खूण केलीय. दुसरा समुद्राचा नकाशा. त्यावर एक रेघ चाललीय ती मधेच पाण्यात थांबलीय. तिसरं एका लहान पोराचं चित्र. घर, झाड, आणि धुराडं असलेलं जहाज. ते कप्तानाच्या पलंगाच्या डोक्याशी होतं.

माझ्याबरोबर मालेगावचा सलाउद्दीन आहे. आधी कापडाच्या मागावर होता, आता माझ्या शेजारी कापतो. मी कागद निवडत बसलो की म्हणतो, “क्या मास्तर, आज कोणता धडा?” त्यानं चित्र बघितलं आणि म्हणाला, “हे पोरगं आता दाढीवालं झालं असेल, आणि आपण त्याच्या बापाची खोली कापतोय.” मग तंबाखू मागितली.

आता तू चूक कुठे करतेस ते सांगतो. मी सहावीत शाळा सोडलेला, पण झोपणाऱ्यांतला आहे म्हणून सांगतो. वस्तू हातात घेऊन तू आधी नाव सांगतेस, साल सांगतेस, मग वस्तू वर धरतेस. संपलं. पोरगं वहीत लिहून मोकळं. उलटं कर. एक अक्षर बोलू नको. वस्तू बाकावर ठेव, हातोहात फिरू दे, हुंगू दे. कसला वास? धूळ का चिकटते? पाचव्या दिवशी काय शिजायचं की माणूस खूण करील? आम्ही जहाज कापायच्या आधी असंच फिरतो. कोण कुठे झोपायचं, कोणाला खिडकी होती, कोणाला नव्हती. तासाभरात कळतं कोण साहेब आणि कोण कोळसेवाला. पुस्तक नाही लागत.

पोरांची उत्तरं आली तर कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

झुंबर

अलंग, २१ ऑक्टोबर १९८५

आक्का, जयभीम.

उत्तरं पोचली. सलाउद्दीनला वाचून दाखवली. पाचव्या दिवशी मटण असणार हे अठरा पोरांचं एकमत. एकीनं लिहिलंय, त्या दिवशी घरचं पत्र यायचं असेल. एकानं लिहिलंय, नकाशातली रेघ थांबली कारण रेघ ओढणाऱ्याला झोप लागली. हे पोरगं मला आवडलं.

हेडसर दारात येऊन म्हणाले, “बाई, भंगाराचं दुकान काढलंय का?” आणि वर्ग हसला, हेही वाचलं. हसू दे. हसणारा जागा असतो. तू पांडवलेणीवर पोरांना नेऊन तिथल्या दगडातल्या अक्षरांवर पातळ कागद धरून पेन्सिल घासायला लावलीस, ते बरं केलंस. आजीकडून बहात्तरच्या दुष्काळातलं रेशनकार्ड मागवलंस, तेही बरं.

पण पत्राच्या शेवटी तू लिहितेस की ती रेघवाली झोप लिहिणारा पोरगा म्हणाला, “बाई, आम्ही घरचं जुनं काही आणू?” आणि पुढे तू लिहिलंस, मी अजून हो म्हटलेलं नाही.

का म्हटलं नाहीस ते तुला माहीत आहे आणि मला. आपण दोघं त्याच्या कडेकडेनं चाललोय. मी सांगून टाकतो. राग म्हणून नाही. लिहून झालं की संपेल असं वाटतं.

तू नोकरीला नवीन होतीस. दादांनी मला मनमाडहून तुझ्याबरोबर नाशिकला धाडलं, पोरगी शिकली तसं पोरगंही शिकेल म्हणून. कुसाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “मनमाडकर म्हणजे कोण?” तू म्हणालीस, “रेल्वेवाले.” खोली मिळाली. आपलं आडनाव मनमाडकर आहे हे मला त्या दिवशी कळलं. मला तू दोन गोष्टी शिकवल्यास. घरी आक्का म्हणायचं, शाळेत बाई म्हणायचं. आणि कोणी काय विचारलं तर, रेल्वेवाले.

मग तू वर्गात सांगितलंस, घरातली जुनी वस्तू आणा. आपल्याकडे जुनं काय? दादांनी छप्पन साली देव आणि सगळं जुनं बाहेर काढून टाकलं होतं. मी दिवाळीला मनमाडला गेलो आणि आजीला विचारलं. ती म्हणाली, “ही गोधडीची दांडी हाय ना, ही लय जुनी. तुह्या पणज्याची सरकारी काठी हाय ती. वाजली का गाव बाजूला व्हायचा.” तिनं चिंधी सोडली तर वरच्या टोकाला लोखंडी कडी आणि कडीला घुंगरं. दादांपासून लपवून तिनं त्यावर अठरा वर्षं गोधड्या वाळत घातल्या होत्या. मी काठी पोत्यात गुंडाळून नाशिकला आणली. तुला आधी दाखवली नाही. तुला एकदम वर्गातच खूष करणार होतो.

पाटलाच्या पोरानं तलवार आणली होती, तिच्यानं पेरू कापेना. कोणी तांब्याचे पैसे, कोणी समई. मी उभा राहिलो. मोठ्यानं म्हणालो, “ही माझ्या पणज्याची सरकारी काठी. ही वाजली की सगळा गाव बाजूला व्हायचा.” मला कोणीच सांगितलेलं नव्हतं आक्का. तू नाही, दादांनी नाही. आजीनं सांगितलं ते एवढंच.

देवळ्याकडचा तो जयराम उठला. “बाई, ही तर येसकराची! आमच्या गावात म्हातारा येतो ना दारात भाकरी मागायला, त्याच्याजवळ असती अशी.” सगळे माझ्याकडे बघायला लागले, मग तुझ्याकडे. आपलं आडनाव एक.

तू म्हणालीस, “कुठून चोरून आणलीस?”

मी म्हणालो, “आक्का, आजीनं...”

तू म्हणालीस, “बाई म्हण.”

हातावर पाच मारल्यास. त्याच काठीनं. दर वेळी घुंगरं वाजली. शेवटच्या वेळी एक घुंगरू सुटून बाकाखाली गेलं.

गाव का बाजूला व्हायचा ते मला पुढे सुरतेला एका म्हाताऱ्यानं सांगितलं. पणजा वेशीवर राखण करायचा, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचा, कोणी मेलं की दहा गावांना सांगायला जायचा, आणि रात्रीच्या भाकरी दारोदार मागायचा. घुंगरं वाजायची ती लोकांनी सरकावं म्हणून. सावली पडू नये म्हणून.

मी त्या दिवशी शाळेतून स्टेशनावर गेलो. पुढचं तुला माहीत आहे, किंवा माहीत नाही. दादा वारले तेव्हा मी सुरतेला होतो. कळलं तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

काठीचं काय केलंस? जाळलीस की गोदावरीत टाकलीस? एवढं लिही. लिहिलंस तर आणखी कागद पाठवीन.

झुंबर

अलंग, १८ नोव्हेंबर १९८५

आक्का, जयभीम.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं.

म्हणजे ती तुझ्याच वर्गात आहे. घुंगरं काढून तू खडूच्या डब्यात ठेवलीस आणि काठी नकाशांच्या रॅकमधे उभी केलीस. अकरा वर्षं तू तिनंच नकाशा दाखवतेस. रायगड तिनंच दाखवलास, पानिपत तिनंच. तुझी उंची बेताची, काश्मीर गाठायला लांब काठी लागतेच. शिपाई तिला नकाशाची काठी म्हणतो. आणि दर वर्षी एक तरी पोरगं विचारतं, बाई, ही वरची कडी कशाला? आणि तू सांगतेस, खुंटीला टांगायला.

अकरा वर्षांत अकरा वेळा.

तू लिहितेस, टाकून द्यायला गेले होते, पुलापर्यंत गेले, हात सुटला नाही. मला राग यायला पाहिजे होता. वाट बघितली. आला नाही. रडू पण नाही. मी जेवलो, भात थोडा कच्चा होता, आणि झोपलो. सलाउद्दीन म्हणाला, “पत्रात काय आहे? घरी कोणी गेलं काय?” मी म्हणालो, नाही, सापडलं. तो म्हणाला, “मग तोंड असं का?” तोंड कसं होतं ते मला माहीत नाही.

डब्यातली घुंगरं मोज. सहा असतील. सातवं माझ्याकडे आहे. सुरत, कांडला, इथे, सगळीकडे होतं. आता ते आमच्या पाण्याच्या कॅनला बांधलंय. पाणी संपत आलं की कॅन हलतो आणि वाजतं, तेवढा उपयोग.

कागद पाठवतो म्हणालो होतो, पाठवलेत. जहाजावरच्या कामगारांच्या पाळ्यांचा तक्ता आहे. नावं बघ. जी नावं सगळ्यांत खाली आहेत ती रात्रीच्या पाळीत पण आहेत. पोरांना विचार, का.

आणि या वर्षी कोणी कडीचं विचारलं तर खुंटी सांगू नको.

झुंबर

अलंग, १२ डिसेंबर १९८५

आक्का, जयभीम.

तुझं म्हणणं कळलं. हेडसरांना तुझं चांगलं चाललेलं बघवत नाही, कुसाबाई महिन्याच्या आत खोली खाली करायला लावील, सातपूरकडे खोली मिळाली तर शाळा लांब पडते, वयाच्या चौतिसाव्या वर्षी परत खोल्या शोधत फिरायचं. सगळं खरं आहे. मी खोटं म्हणत नाही. पोरांना घरचं जुनं आणायला परवानगी दिलीस, पण काठी रॅकमधेच राहू दे म्हणतेस.

राहू दे. मी आता कागद पाठवणार नाही. तुझ्यावर रुसून नाही. मला नुसतं कळत नाही की परदेशातल्या जहाजावर कोण खाली झोपायचं ते नाशिकच्या पोरांना शोधायला लावायचं, आणि जी काठी रोज डोळ्यांपुढे फिरते ती टांगायची म्हणून सांगायचं. असा इतिहास मला झोपेतच बरा वाटायचा.

एक झालं ते सांगतो. परवा फाटकावर नवा वॉचमन होता. त्यानं कॅन धरला. “पितळ कुठून मारलंस?” मी कॅन सोडला नाही. मागे पन्नास माणसं, सुट्टी झालेली, सगळे ओरडायला लागले. सलाउद्दीन म्हणाला, “अरे दे ना त्याला, दोन पैशाचं घुंगरू.” वॉचमननं माझा गळा धरला आणि म्हणाला, “चोर साला. जहाजाचं आहे की नाही?”

मी म्हणालो, माझ्या पणज्याचं आहे. तो विचारतो, पणजा काय नाचायचा काय? सगळे हसले. मी म्हणालो, येसकर होता. गावात शिरताना हे वाजवावं लागायचं, म्हणजे वरचे लोक बाजूला व्हायचे, विटाळ होऊ नये म्हणून. मोठ्यानं म्हणालो. हिंदीत म्हणालो, म्हणजे सगळ्यांना कळावं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

काही झालं नाही आक्का. आभाळ नाही कोसळलं. वॉचमननं घुंगरू हातात घेतलं, वाजवून बघितलं, आणि परत दिलं. रांगेतला एक ओरिसाचा म्हातारा म्हणाला, आमच्याकडे पण होतं, आमच्याकडे नुसतं ओरडायला लागायचं. मग सगळे जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी दोघं आमच्या कॅनचं पाणी प्यायला आले नाहीत. बाकीचे आले. एवढाच फरक.

झुंबर

अलंग, ६ जानेवारी १९८६

आक्का, जयभीम.

तुझं कार्ड आलं. उघडं कार्ड, पंधरा पैशांचं. वर पहिला शब्द जयभीम, खाली पूर्ण नाव. मंगला सहादू, आणि पुढे आपलं खरं आडनाव. मुकादमानं वाचून मग मला दिलं. इथे पण सगळे वाचतात.

मागोमाग दुसरं कार्ड आलं, त्यात लिहितेस, पहिलं कुसाबाईंच्याच हातात दिलं, जाता जाता पेटीत टाका म्हणून. त्यांनी ओट्यावर उभं राहून वाचलं आणि म्हणाल्या, “एवढी वर्षं माझ्या माठातलं पाणी पीत होतात तुम्ही.” आणि तू म्हणालीस, “भरत पण मीच होते.” मार्चअखेर खोली सोडायची. हे मी सलाउद्दीनला सांगितलं. तो म्हणाला, “तेरी बहन मास्तरीण आहे खरी.”

२५ तारखेला, शनिवारी, सातवी ब. आजीला मनमाडहून बोलावून काठीबद्दल तिच्याच तोंडून ऐकवणार, आणि तू ये म्हणतेस. मी येत नाही. रजा मिळते, तो प्रश्न नाही. मी समोर असलो तर तू मला बघून बोलशील. आणि पोरं काठीकडे बघायचं सोडून माझ्या हाताकडे बघतील. मी नसताना जे सांगशील ते मला पुरे.

घुंगरू रजिस्टरनं पाठवलंय. कॅनला आता दोरीच आहे. सातही बांध, त्याच कडीला.

आता तासाचं. आधी काही बोलू नको. काठी फिरू दे. प्रत्येकानं हातात घेऊन वर्गात चार पावलं चालायचं. वाजेल. पोरं हसतील, हसू दे. ती झोपवाली रेघ लिहिणारा पोरगा आहे ना, त्याला शेवटी दे. मग विचार, ही वाजली की गाव बाजूला व्हायचा तो का? लगेच उत्तर सांगू नको. मी जे म्हणालो होतो तेच कोणीतरी म्हणेल, राजाचा माणूस असेल, मान असेल. म्हणू दे. त्याला चूक म्हणू नको. आजीकडे बघ फक्त, ती सांगेल.

आजी वर्गात आली की खाली बसेल. बसू देऊ नको. खुर्ची दे, तुझी दे. चहा आधी पाज, त्याशिवाय ती तोंड उघडत नाही. तंबाखू खाते, हेडसर काही म्हणाले तर म्हणू दे. कोण्या पोरानं तिला विचारलं की भाकरी शिळी असायची का, तर विचारू दे. तिला असले प्रश्न कोणी विचारलेले नाहीत.

आणि तू काय केलंस ते पण सांग. पाच मारल्यास ते. नाव माझं घेतलंस तरी चालेल. ते सांगितल्याशिवाय काठीचा इतिहास छप्पन सालावर थांबतो, आणि तो तिथे थांबलेला नाही.

मग प्रत्येकाला एक कार्ड दे. आजी काय म्हणाली, त्यांना काय वाटलं, ते त्यांनी मला इथल्या पत्त्यावर लिहायचं. शुद्धलेखन तपासू नको. पाकिटात घालू नको. सुटी टाका, नाशिकच्या पेटीत, ज्याला वाचायचं त्यानं वाटेत वाचावं.

आजीला एकटी सोडू नको, कोंडाजी बरोबर येईल. दोघांचं मनमाड ते नाशिकरोड जायचं-यायचं, तिथून द्वारकेच्या चौकापर्यंत रिक्षा, बसमधे तिला चढवत नाही, आणि चहा, मिळून चाळीस रुपये. बेचाळीस पोरं, बेचाळीस कार्डं, सहा रुपये तीस पैसे. मनीऑर्डर आजच केलीय, सेहेचाळीस रुपये तीस पैसे.

झुंबर